सोनीची हाळी

येडशी, १२ मार्च १९४४
जोंधळ्याची रानं मोकळी झाली. सिदू धनगराची मेंढरं पाटलाच्या शेतात खताला बसलीत. शाळा सुटल्यावर मदरशातून येताना सोनी बरोबर. चार मेंढरं वाटेत आडवी. पोरीनं जीभ टाळूला लावून अशी काही हाळी दिली, की चारी मुकाट वळली! मी चाट. सहा वर्षांची पोर. आठ दिवसांची असताना आई गेली, तेव्हा बापानं, या सिदूनंच, आमच्या हिच्या ओटीत घातलेली. मेंढरांत गेलीच कधी?
घरी सांगितलं. ही म्हणाली, "रक्तातच असतं, अहो." आणि चूल फुंकत बसली.

१३ मार्च
रक्तात म्हणे! मग विचार करताना माझ्यासारखी कानाची पाळी ओढते, ते कुणाच्या रक्तातलं? वर्गात पाढे चुकलो. रक्तात असेल तर एक दिवस जाणारच की ती. भीती वाटते, झालं.

१५ मार्च
सिदू आला. "मास्तर, लेक चार दिस रानात, मेंढरांच्या वाड्यावर न्यावी म्हणतो. तिच्या आईच्या नावानं जेवण हाय."
म्हटलं, नवख्या माणसांत रडेल.
"नवखी कशानं? वैनी दरसाल आणत्यात की. हाळी म्याच शिकवली तिला."
हिच्याकडं पाहिलं. पदर तोंडाला. "तुम्ही पाठवलं नसतं," म्हणाली.
लई रागावलो. पण खरंच, पाठवलं नसतं. लाज वाटली. हो म्हटलं.

१६ मार्च
सोनी गेली. हिनं सवयीनं तिच्या वाटची भाकरी थापली.
दुपारी बांधाआडून डोकावून आलो (हिला न सांगता. आता माझी पाळी!). सोनीनं सात कोकरं ओळीत बसवलेली. एक उठलं. "बैस खाली! विचारलंस का?" आवाज हुबेहूब माझा, कानाची पाळी हातात. हे मी कधी शिकवलं? सिदू पोट धरून हसत होता. घरी सांगितलं तर ही आधी हसली, मग रडली.

१९ मार्च
सिदू एकटाच आला. "अजून ऱ्हाते म्हणती." वाडा उद्या बार्शीकडं हलणार.
हिनं विचारलं, "रडली का?"
"न्हाय वैनी. निजताना पाढे म्हणती तेवढं."
मी कान ओढत बसलो. मग तिची पाटी-पेन्सिल सिदूच्या हाती दिली. म्हटलं, पाटी फुटू देऊ नका, परत आणून द्या. पोरीचं नाव घ्यायचा धीर झाला नाही.