खाटेखालचे टायर

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ

रातभर डोळ्याले डोळा नाही. काल आंगण झाडता झाडता गाडीच्या टायराकडं ध्यान गेलं. मागचा डावा. हात लावला तं बोटाले टोचलं. तार. रबरातून तार बाहेर आली हाय, फाटक्या गादीतून काथ्या निघते तशी. बाकीचे तीन पाह्यले. गुळगुळीत, वरवंट्यावानी.

आन तेवीस तारखेले याच गाडीत बसून राजूर घाट उतरायचा हाय. माह्या पोरीचं, पुष्पांजलीचं जावळ हाय, माह्या माहेरी रोहिणखेडले. अकरा महिन्याचं लेकरू. डोळे मिटले का तो घाटच दिसत होता.

आज यायले साफ सांगते. हे म्हणजे गोकुळ, माहे मालक. वहीत नाव लिहाले काय जाते, कोण वाचते.

संध्याकाळ

सांगतलं नाही. जेवत होते. जेवत्या माणसाले टोकू नये. उद्या.

११ नोव्हेंबर, मंगळवार

सांगतलं. यायनं मोबाईल दाखवला. म्हणे पाह्य, रेसच्या गाडीचे टायर असेच राह्यतात, नक्षी नसतेच. आपली गाडी स्पोर्टी हाय, टॅक्टर नाही. मी म्हणलं, रेसच्या टायरातून तार निघते काय. तं म्हणे, तू कधी मेकॅनिक झाली वं.

सासूबाई ओट्यावरून म्हणे, सातवी शिकली तं एवढे सवाल. दहावी झाली असती तं गाडीच खोलून ठेवली असती.

गाडी लाल, ठेंगणी, पुण्यावाल्याची वापरेल. गतिरोधक आला का पोट घासते. लग्नात नवरदेव बसवाले नेतात हे. यायचा जीव तिच्यात, माहा जीव टायरात.

ठरवलं. टायर मीच पाहीन. भांडायचं नाही, रडायचं नाही.

(थोडंसं रडली. भांडली नाही.)

१३ नोव्हेंबर, गुरुवार

पुष्पीच्या डोसाले बुलढाण्याले गेली. येताना टायरच्या दुकानात शिरली. टायरावरचे आकडे वहीत उतरून नेले होते. १९५, ५५, १६. दुकानवाले चाचा चष्मा वर करून म्हणे, बाई, हे कोणं लिहून देलं. मी म्हणलं, मीच लिहिलं. मले असा टायर पाह्यजे का घाटात रस्ता धरला पाह्यजे, आन पोरगी शाळेत जाईपर्यंत टिकला पाह्यजे.

चाचा हसले. म्हणे, बेटी, नरम रबर रस्ता धरते पण लवकर झिजते. कडक रबर सालोसाल चालते पण ओल्यात, उतारात घसरते. दोन्ही एका टायरात पुरं भेटत नाही. मी म्हणलं, म्हणजे चपलीसारखंच. बाजारातली कडक चप्पल चार वर्षं जाते आन न्हाणीत पाडते. चाचा म्हणे, बस, समजलं तुले. फटफटीवाले तासभर डोकं खातात, त्याइले समजत नाही.

टायराच्या अंगावर बारीक नंबर राह्यते, रबर किती चालन त्याचं. दोनशेवाला नरम, पाच-सहाशेवाला कडक. चाचा म्हणे, तू मधला घे, तीनशे चाळीस. पंधरा दिवसाले हवा पाहजो. गाडी उनात ठेवू नको. सगळं लिहून घेतलं.

मले आता टायरातलं सगळं समजते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दयारामदादाले फोन केला. जावळाले मामा भाचीले मांडीवर घेते आन चांदीचे वाळे घालते, आमच्यात रीत हाय. मी म्हणलं, दादा, वाळे नको, चार टायर दे. दादा म्हणे, राखे, बरी हायस ना. मी म्हणलं, तीनशे चाळीसवाले. म्हणे, मामानं भाचीले टायर देले, असं सांगू पाहुण्याइले? मी म्हणलं, वाळे घालून घाट उतरता येत नाही.

हो म्हणे. पण म्हणे, बसवले का मले सांगजो, तोवर माह्या जिवाले चैन नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

टायर आले, जीपच्या टपावर बसून. चारी नवे. अंगावर रबराचे बारीक बारीक केस, पुष्पीच्या जावळासारखे. सासूबाईनं हळद-कुंकू लावलं, ओवाळलं. यायनं व्हिडीओ काढला. मंग पॉलिथिनात गुंडाळून माह्या खाटेखाली ठेवले. घरभर रबराचा वास.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मस्त झोपली. दहा दिवसानं. टायर खालीच होते ना.

हे म्हणे, आपल्या रस्त्यावर बाभळीचे काटे, नवे टायर इथं घासायचे काऊन. जावळाच्या आधी लावू. मलेबी पटलं. टिकाऊ घेतले तं टिकवले पाह्यजे. रस्त्यावर गेलाच नाही तं झिजन कसा. नवी सोलापुरी चादर, स्टीलचे सहा ताट, सगळं तसंच ठेवलं हाय मी लग्नापासून. म्हणून तं नवं हाय.

तार तेवढी रोज पाहून घेते. एका बोटाची दोन बोटं झाली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

अमावस्या. आज नव्या वस्तूले हात लावत नाहीत. उद्या.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हे नवरदेव घेऊन चिखलीकडं गेले. सकाळीच लावतो म्हणत होते, पण लग्नवाल्याइनं घाई केली. दुपारपासून चार वेळा रस्त्यावर जाऊन पाहून आली मी. पाचव्यांदा सासूबाई म्हणे, तू अशी उभी राह्यली का गाडी लवकर येते काय.

आले. तारवाला टायर वरातीतच बसला म्हणे. स्टेपनी लावून आले. स्टेपनी बी वरवंटाच. म्हणजे आता डिक्कीत स्टेपनी नाही, फाटेल टायर हाय.

दादाचा फोन. बसवले काय टायर. मी हो म्हणलं. उद्या लागूनच राह्यले, मंग खोटं कुठं झालं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सासूबाई म्हणे, शनिवारी नवं रबर गाडीले लावत नाहीत, शनी मागं लागते. हे म्हणे, उद्या रविवार, दुकान बंद. परत आल्यावर सोमवारी निवांत लावू, एवढे दिवस झालं काय काही.

मी म्हणलं, मंग मी पोरीले घेऊन एसटीनं जाते. सासूबाई म्हणे, दारात लाल गाडी आन माहेरी लाल डब्ब्यात. लोक इचारतीन नवऱ्यानं हाकललं काय.

मी म्हणलं, नवे टायर संगं तरी घ्या. हे म्हणे, एक एक टायर केवढा हाय, डिक्कीत जावळाचा सामान ठेवू का ते ठेवू. अर्धा दिवस तोच इचार केला. नेले असते तं घाटाच्या धुळीत खराब झाले असते. घरीच बरे.

ठरवलं. दर वळणाले हळू म्हणायचं. हे ऐकतात माह्यं.

२३ नोव्हेंबर, रविवार, साडेदहा, राजूर घाट

दोनदा हळू म्हणलं. हे म्हणे, हळूच हाय. तिसऱ्यांदा म्हणाच्या आत फाटकन आवाज झाला. गाडी गरकन फिरली आन कठड्याले टेकली. पुष्पीनं पहिले माह्याकडं पाह्यलं, मंग रडली. कोणाले लागलं नाही. मागचा उजवा टायर फाटला. त्याच्याकडं तं माहं ध्यानच नव्हतं, मी रोज डावाच पाहत होती.

रेंज नाही. हे रेंज पाहाले वर चालत गेले, घंटा झाला. मी म्हणलं एसटी आली का बसू, तं सासूबाई म्हणे, गाडी एकटी सोडून जातात काय. दगडावर बसून शनीचं नाव घेऊन राह्यल्या. पुष्पीले मांडीवर घेऊन लिहून राह्यली, अक्षर पाहा कसं आलं. बाराच्या आत जावळ व्हाले पाह्यजे. तिकडं दादा आंगणात पाट मांडून बसला असन.

खालून एसटीचा आवाज येऊन राह्यला. ती बुलढाण्याले जाईन. हे पान फाडून देते.

कंडक्टर भाऊ, नाहीतं ज्याच्या हाती लागन त्यानं, रेंज आली का माह्या भावाले फोन करा. दयाराम, रोहिणखेड, नंबर मागं लिहेल हाय. पहिले म्हणा, लेकरू चांगलं हाय. मंग म्हणा, न्हावी आला असन तं च्या पाजून थांबवून ठेव, आन टॅक्टर घेऊन घाटात ये. तो इचारन, टायर तं नवे होते ना. त्याले सांगा, राखी खोटं बोलली. चारी घरी हायेत खाटेखाली, पॉलिथिनात, एक बी केस मोडला नाही. चोरी होऊ नये म्हणून मी दोन कुलपं लावून आली. तो काही बोलला तं ऐकून घ्या, मनावर घेऊ नका, ते मले हाय. पण फोन करा.