भाऊरावांच्या जागी

४ नोव्हेंबर

वरवट बकालला पोचले एकदाची! शेगावला रेल्वेतून उतरले आणि पुढे काळीपिवळीत, म्हणजे माणसं कोंबून भरलेल्या जीपमध्ये. शेजारच्या बाईंनी मेथीच्या जुड्या हक्काने माझ्या मांडीवर ठेवल्या आणि पुण्यात काय भाव चाललाय तेही विचारून घेतलं. संस्थेचे अध्यक्ष नागसेन सर फाट्यावर घ्यायला आले होते. ते इथल्याच शाळेत शिकवतात. माझी खोली विहाराला लागून आहे. पहाटे मुली हार्मोनियमवर बसतात म्हणे, म्हणजे गजराची सोय झाली.

पुण्यातल्या मैत्रिणींना वाटतं, अर्पिताचं डोकं फिरलंय. फिरेना का. मोठ्या संस्थेत बसून दुसऱ्यांच्या कामाचे अहवाल लिहून जीव विटला होता. इथे एक कलापथक आहे, ते गावोगाव भीमगीतं गातं, मुलांना फुकट गाणं शिकवतं, आणि त्याचा कारभार अगदी रामभरोसे आहे. तो रुळावर आणायला मला बोलावलंय. खूप दिवसांनी छान वाटतंय.

७ नोव्हेंबर

कारभार पाहिला. चोरी कुठेही नाही, गोंधळ मात्र भरपूर. एका प्रतिष्ठानाचं अनुदान मिळण्यासारखं आहे. ते मिळालं नाही तर मार्चनंतर वर्ग बंद. अट एकच: विश्वस्त मंडळ पूर्ण हवं. संस्थेच्या घटनेत पाच विश्वस्त सांगितलेत, आहेत चार. पाचवे शाहीर भाऊराव, पथकाचे संस्थापक. सहा वर्षांपूर्वी कार्यक्रमात गाता गाता दमा उसळला आणि मंचावरच गेले. त्यांची जागा कुणी भरलीच नाही.

१२ नोव्हेंबर

आज बैठक बसली आणि मी थक्क झाले. भाऊरावांची खुर्ची मांडलेली असते. प्रत्येक ठराव चौघांनी मान्य केला की नागसेन सर त्या खुर्चीकडे वळून विचारतात, शाहीर, तुमचं काय म्हणणं?  मग भाऊरावांच्या पत्नी कलाबाई, त्याही विश्वस्त, हळूच सांगतात, ‘हो म्हंते.’ की झाला ठराव एकमताने. आमच्या घटनेत बहुमत चालतच नाही.

नंतर सरांना छेडलं, तर ते ओशाळले. म्हणाले, आत्माबित्मा आपण मानत नाही मॅडम, हा नुसता मान आहे. कलाबाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘मले आयकू येते पोरी. घरीबी येते. नाहीतं मी कायच्या जोरावर जगली असती?’ मला त्यांचा हेवा वाटला. माझ्याशी बोलायला घरी जिवंत माणूससुद्धा नाही.

२० नोव्हेंबर

अखेर ठरलं. बाहेरचं कुणी यायला तयार नाही, म्हणून पाचवी विश्वस्त मीच, बिनपगारी. ठरावाचा मसुदा मी वाचून दाखवला. ‘भाऊराव यांना पदातून मुक्त करण्यात येत आहे’ या वाक्याला कलाबाईंनी तोंडाला पदर लावला. रडणं आवरेचना. सर माझ्याकडे बघायला लागले. मी ते वाक्य खोडलं. ‘भाऊरावांच्या जागी अर्पिता यांना घेण्यात येत आहे’ एवढंच ठेवलं. एका वाक्याने कुणाचं काय बिघडतं? कलाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. मग मी त्या खुर्चीत बसले.

२४ नोव्हेंबर

घसा बसलाय. सगळीकडे कापसाची धूळ आहे, तिचाच प्रताप असणार. जिना चढताना धाप लागली.

अनुदानाचा अर्ज गेला. मुलींनी जिलेबी आणली होती.

२७ नोव्हेंबर

सकाळी पाणी तापवताना एक गाणं गुणगुणत होते. वर्गातल्या मुली एकदम थांबल्या. म्हणाल्या, हे शाहिरांचं शेवटचं गाणं, त्यांच्यानंतर ते कुणी म्हटलेलं नाही. मी ते कधीच ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी कलाबाई आल्या. घरी आता शाहिरांचा आवाज येत नाही, काऊन येत नसंन, म्हणून विचारत होत्या. मी काहीतरी समजूत घालायला तोंड उघडलं आणि निघालं, ‘कले, मी अठीसा हाव.’

इथेच आहे, म्हणत होता तो आवाज, आणि तो माझा नव्हता. कलाबाई हसल्या. लग्नातल्या नवरीसारख्या लाजल्या.

३० नोव्हेंबर

कलाबाई रोज भाकर आणि ठेचा आणतात. मला तिखट सोसत नाही, तरी सगळं खाते. त्या बोलत बसतात. मी आतून ऐकते.

त्यांना गोड वाटतंय. मला कळतंय ते त्यांना कसं सांगू? भाऊराव सुखात नाहीत. त्यांना श्वास मिळत नाही. खुर्चीकडे वळून विचारलं की त्यांना यावं लागायचं, त्याच मंचावरून, त्याच दम्यातून, पुन्हा एकदा गुदमरत. सहा वर्षं. आपल्या माणसांनी मायेने हाका मारल्या आणि प्रत्येक हाकेला हा माणूस मेला.

१ डिसेंबर

शेगावला जायला निघाले. फाट्याच्या पुढे श्वासच येईना. जीपवाल्याने परत आणून सोडलं.

मले—

मला. मला. मी पुण्याची आहे.

२ डिसेंबर

आज सांगितलं भाऊरावांनी. माझ्या तोंडून, कलाबाईंना. ‘मले सोड कले. लय दम लागते.’

त्या ओरडल्या नाहीत. जमिनीवर बसल्या आणि स्वतःच्याच तोंडात मारत राहिल्या. मी हात धरायला गेले. माझाच हात उचलला जाईना.

४ डिसेंबर

दुपार. बैठक. वही मांडीवर. सगळ्यांना वाटतंय मी इतिवृत्त लिहितेय.

एकच ठराव. खोडलेलं वाक्य. मुक्त करण्यात येत आहे.

सरांचा हात वर. बाकी दोघांचे वर. सर रडतायत.

कलाबाई थांबल्या. माझ्याकडे बघतायत. विचारलं, ‘तुमी जा. पन हे पोरगी? हे राह्यते ना धड?’

माझं तोंड म्हणालं, ‘हाव.’

खोटं. भाऊरावांना माहीत नाही. मी आत आहे, मला कळतं, त्यांना ठाऊक नाही मी राहीन की त्यांच्याबरोबर जाईन— जायची इतकी घाई झालीय की— त्यांना दोष नाही देत. पण कलाबाई, खोटं आहे ते. तोंड माझं नाही. फक्त हा हात अजून— इकडे बघा, वहीत बघा—

कलाबाईंचा हात वर गेला. ‘जा,’ म्हणाल्या.

आता पाचवं मत. एकमत लागतं. सर खुर्चीकडे वळले. शाहीर, तुमचं काय—

उजवा हात. पेन याच हातात. उचलला जातोय, मी दाबून धरलाय, अक्षर वर सरक—