जावेच्या घरची अभिप्राय वही

१६ नोव्हेंबर, शनिवार

हंगामातले पहिले चौघे आज आले आणि सरळ तिच्या अंगणात शिरले! वाटेवर माझं घर आधी लागतं. पाटी माझी मोठी, अक्षर सुवाच्य. मी ओट्यावर उभी होते, साडीसुद्धा बदललेली. "नमस्कार मॅडम," म्हणाले आणि पुढे गेले. मॅडम! जशी काही मी शाळातपासणीला आले आहे.

आणि जावेने काय केलं? काही नाही. दारात पाय पसरून लसूण सोलत बसली होती. "आवं या की, लय दमलासा न्हवं?" एवढंच म्हणाली. चौघं लोण्यासारखे विरघळले. त्यातल्या एकाच्या पोटावर सॅकचा पट्टाही बसत नव्हता. असली माणसं डोंगर चढायला का निघतात, देव जाणे.

वाई ते शिराळा, सोळा दिवसांची ही पायवाट साताऱ्याच्या गिरिभ्रमण मंडळाने आखली त्याला हे तिसरं वर्ष. आमच्या वाडीत बारावा मुक्काम. वाडी म्हणजे काय — राहती घरं दोन, कुलूप लागलेली सहा. आमच्या दोन घरांमधून जिल्ह्याची हद्द जाते, तिथे एक दगड आहे. मी सातारा जिल्ह्यात, जाऊ दीपमाला सांगलीत. वाटणी केली तेव्हा तात्यांनी, म्हणजे सासऱ्यांनी, थोरल्याला इकडचं घर दिलं, धाकट्याला तिकडचं. स्वतः मात्र सांगलीत राहायला गेले. का, विचारलं तर म्हणाले, "तुज्या घरात लय शांतता हाय, सूनबाई." घाला चुलीत ती शांतता.

१७ नोव्हेंबर

ती झऱ्यावर गेली होती. तेवढ्यात जाऊन तिची वही वाचून आले.

प्रत्येक मुक्कामाच्या घरी मंडळाने एक अभिप्राय वही दिली आहे, खिळ्याला सुतळीने टांगलेली. निघताना लोक लिहितात. तिच्या वहीत काय काय! "इथून पाय निघत नाही." "दीपाताईंची भाकरी खाताना रडू आलं." रडू आलं? मिरची लागली असेल मेल्याला! "गोधडीला धुराचा वास होता, पण झोप अशी लागली की विचारू नका." धुराच्या वासाचंही कौतुक!

आणि माझी वही? गेल्या वर्षीचं पाठ आहे. "स्वच्छता उत्तम. काकू कडक." "चादरींना इस्त्री होती. बोलायची भीती वाटली." "शाळेच्या होस्टेलची आठवण झाली." ह्या शेवटच्याला मी स्वतः गरम पाणी काढून दिलं होतं, पायाला फोड आले होते म्हणून. पायही घाणेरडेच होते त्याचे.

गंमत म्हणजे दीपमाला प्रत्येक अभिप्रायाखाली कुंकवाचं बोट लावते. वाचता येतं कितपत कोण जाणे, सहावीत शाळा सुटली तिची. पण पाहुणा गेला की वही उतरवायची, बोट टेकवायचं, परत टांगायची. वहीची पूजा मांडली आहे बाईने.

२३ नोव्हेंबर

तिच्याकडे सहा. माझ्याकडे कोणी नाही.

२८ नोव्हेंबर

मंडळाचे ऋषिराज आले होते. तरुण माणूस, नम्र वगैरे, पण चहा पिताना आवाज करतो. म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून एका मुक्कामाला एकच घर ठेवणार आहोत. लोकांना निवड करावी लागली की घरोघरी रुसवेफुगवे होतात." माझ्याकडे बघून का म्हणाले? "फेब्रुवारीत येऊन दोघींच्या वह्या वाचतो. लोक जे म्हणतील ते."

दीपमाला म्हणाली, "आक्कांचंच ठिवा की. त्यास्नी लय हौस हाय." दान करते मला! तिच्या चेहऱ्याकडे बघून मला तो चहाचा पेला फोडावासा वाटला.

रात्रीचं जेवण केलं नाही. इथे लिहायला काय हरकत आहे, हे कोण वाचणार आहे. मला ही माणसं हवी आहेत. माझे यजमान वीरधवल राजस्थानात, वर्षातून दोनदा रजेवर येतात, आणि आले की तात्यांबरोबर तिच्याच ओट्यावर बसतात. मूलबाळ नाही. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत मी दिवसचे दिवस तोंड उघडत नाही. नोव्हेंबर उजाडला की माझ्या माहेराहून, वाईहून निघालेली माणसं बाराव्या दिवशी माझ्या दारात येतात. मी विचारते, "घाटावर गेला होता? गणपतीच्या पायऱ्यांवर बसला होता?" ते सांगतात. कंटाळून सांगतात, पण सांगतात. चार महिने मी माणसांत असते. ते तिला द्यायचं? तिच्याकडे नवरा आहे, दोन पोरं आहेत, तात्या आहेत, म्हैससुद्धा आहे!

३० नोव्हेंबर

दीपमाला सगळं घर घेऊन म्हसवडला गेली, सिद्धनाथाच्या रथाला. तिचं माहेर. जाताना चावी माझ्या हातात दिली. "आक्का, घर तुमच्यावर हाय." म्हशीचीही जबाबदारी माझ्यावरच.

आता तीन दिवस येणारा प्रत्येक जण माझा!

१ डिसेंबर

पाच जण आले. पाचही माझ्याकडे. श्रीखंड केलं, पुऱ्या केल्या. इस्त्री न केलेल्या चादरी घातल्या — मुद्दाम! हसले, चारदा हसले. एकीने विचारलं, "तुम्ही वाईच्या का? बोलण्यावरून वाटतं." दोन तास तिच्याशी बोलले. दात पुढे आहेत तिचे, पण मुलगी चांगली.

२ डिसेंबर

सकाळी ते गेले. वही उघडली.

"जेवण छान. शेजारच्या दीपाताईंबद्दल खूप ऐकून आलो होतो, त्या नेमक्या गावाला. पुढच्या वेळी नक्की!"

दात पुढे असलेलीनेच लिहिलं होतं.

मी चावी घेतली. हद्द ओलांडून गेले, तिचं कुलूप काढलं, वही उतरवली. नाव घातलं 'धवल आणि ज्ञानदा, सांगली'. तारीख चोवीस नोव्हेंबर. अक्षर मुद्दाम गिचमिड काढलं — जिवावर आलं! लिहिलं: "इथलं पाणी पिऊन आम्हा दोघांना जुलाब झाले. चालणं सोडून शिराळ्याच्या दवाखान्यात जावं लागतंय. पाण्यात अळ्या होत्या. कृपया कोणी इथे राहू नये."

पाणीच का? कारण तिचा सगळा तोरा पाण्याचा. म्हसवडकडची ना, दुष्काळी मुलखातली, पाण्याला तुपासारखं जपते. दर अमावास्येला झऱ्याचं टाकं खरवडून काढते, पाणी फडक्याने गाळते, उकळते, मग माठात भरते. पाहुण्यांना सांगतही असते, "पानी निवळशंख हाय, बिनघोर प्या." आता प्या म्हणावं.

माझ्याकडे असल्या भानगडी नाहीत. वीरधवलनी गेल्या साली पाइप टाकून घरात नळ आणून दिला. तोटी फिरवली की पाणी.

परत येताना म्हशीला वैरण घातली. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

४ डिसेंबर

आली. माझ्यासाठी चुरमुरे-बत्तासे आणि हिरव्या बांगड्या. बांगड्या मापाच्या आहेत. माझ्या हाताचं माप तिला कसं माहीत? चावी परत घेताना म्हणाली, "लय उपकार झालं आक्का." मी म्हटलं, "अगं, त्यात काय."

११ डिसेंबर

धीर धरवेना. ती गोठ्यात असताना जाऊन वही बघितली.

कुंकू लावलंय! माझ्या जुलाबांखाली, अळ्यांखाली, व्यवस्थित लाल बोट! मी तोंडावर पदर धरून हसले. बाईला अक्षराचा पत्ता नाही. शिव्या लिहून ठेवल्या तरी ती त्यांची पूजा करेल. घरी येऊन एकटीच पुन्हा हसले, मोठ्याने. आवाज चमत्कारिक वाटला.

२९ डिसेंबर

अभिप्रायाची जादू! पाहुणे तिची वही चाळतात, थबकतात, एकमेकांकडे बघतात आणि हद्द ओलांडून माझ्याकडे येतात. आज आठ जण होते. एक टकला इंजिनीअर रात्रभर घोरला. एक बाई तीनदा म्हणाली की तिला गव्हाचं चालत नाही, आणि चार पोळ्या खाल्ल्या. मला सगळे आवडले.

तात्या हद्दीच्या दगडावर बसून बघत होते. "लय माणसं तुज्याकडं, सूनबाई," म्हणाले. मी म्हटलं, "शांतता संपली ना, या आता राहायला." उठून गेले.

१९ जानेवारी

माझ्या वहीत आज: "पद्माताईंनी वाईच्या इतक्या गोष्टी सांगितल्या की परत जाऊन घाट नव्याने बघणार." पद्माताई! मॅडम नाही, काकू नाही. पाच वेळा वाचलं. मग आजूबाजूला बघितलं आणि — लाज वाटते लिहायला — खाली कुंकवाचं बोट लावलं.

दीपमाला रोज संध्याकाळी दारात लसूण सोलत बसते. कोणी येत नाही. दया येते का? बघितलं मी मनात शोधून. नाही येत.

१६ फेब्रुवारी

ऋषिराज येऊन गेले. दोन्ही वह्यांचे मोबाइलवर फोटो काढले. तिच्या वहीतल्या त्या पानावर अडकले. दीपमाला तेव्हा मळ्यात होती, म्हणून मलाच विचारलं, "पाण्याची तक्रार आहे ही. गंभीर आहे. तुमच्याकडे असं कधी झालं?"

मी म्हटलं, "छे! माझ्याकडे नळ आहे."

"मग बरं. दीपाताईंशी फोनवर बोलून घेतो. त्यांचं म्हणणं ऐकायला हवं."

ऐका की. ती काय सांगणार? वाचता आलं तर सांगेल ना.

२० फेब्रुवारी

मोबाइलला रेंज फक्त हद्दीच्या दगडावर. आज दुपारी दीपमाला तिथे उभी राहून बोलत होती. मी खिडकीतून बघत होते, ऐकू काही आलं नाही. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. नुसती मान डोलवत होती. मध्ये एकदा माझ्या घराकडे हात केला. माझी शिफारस करत असेल! दानशूर ना ती.

२ मार्च

दगडावर गेले. मंडळाचा निरोप आला होता, दोघींना एकच.

"पाण्याच्या तक्रारीची शहानिशा केली. दोन्ही घरांचं पाणी एकाच झऱ्याचं असल्याचं आणि तक्रार खरी असल्याचं समजलं. चालणाऱ्यांच्या आरोग्याशी तडजोड करता येत नाही. पुढील हंगामापासून वाट खालच्या खोऱ्यातून नेत आहोत. बारावा मुक्काम वगळला आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार."

नळ! नळाचा पाइप झऱ्यावरनंच आलाय. मला माहीत नव्हतं का? मीच तर वीरधवलना म्हटलं होतं, टाक्याला जोडा म्हणून. तोटी फिरवून फिरवून विसरले. पण ऋषिराजला कोणी सांगितलं? आणि तक्रार खरी? कोण म्हणालं खरी?

३ मार्च

तडक तिच्याकडे गेले. गाठोडी बांधत होती. म्हटलं, "तू सांगायचं होतंस ना, तक्रार खोटी आहे म्हणून! तुझं पाणी सगळ्या मुलखाला माहीत आहे."

मान वर न करता म्हणाली, "म्या रथाला गेले तवा त्ये पान कोरं व्हतं, आक्का. आले तवा भरल्यालं. चावी तुमच्यापाशी."

मी खिळ्यावरच्या वहीकडे बघितलं. ती पुढे म्हणाली,

"वाचलं व्हतं म्या. दोन म्हयनं वाट बगितली. म्हनलं, आज सांगतील, उद्या सांगतील. मग त्येंचा फोन आला. इचारलं, खरं का खोटं? खोटं म्हनले असते तर माजं घर ऱ्हायलं असतं, ठाव हाय मला. म्या म्हनलं, खरं हाय. आन् आक्कांचा नळ बी त्याच झऱ्याचा."

"अगं, पण तुझंही गेलं ना!"

तेव्हा तिने बघितलं माझ्याकडे. राग नव्हता. गाठ आवळत म्हणाली, "माजं काय गेलं? घर भरल्यालं हाय माजं. माणसं तुमास्नीच लागत हुती."

पोरं बाहेर हाका मारत होती. तात्या काठी घेऊन निघालेही होते. तिच्या भावाचं लग्न आहे, पंधरा दिवस म्हसवडलाच. तिने दाराला कुलूप घातलं आणि चावी माझ्या हातात दिली.

"म्हशीला तेवढी वैरण बगा."

५ मार्च

झऱ्याचं टाकं स्वच्छ आहे. तळातला खडा न् खडा दिसतो. पाणी पिऊन आले.