घरटी चार-पाच

३ सप्टेंबर
निर्णय घेतला. तळ्याकाठच्या प्लॉटवर घर बांधायचं. प्लॉट कित्येक वर्षं नुसता पडून आहे. हिची इच्छा होती. ही जानेवारीत गेली. आता आणखी उशीर नको.
मुलीला फोनवर सांगितलं. म्हणाली, बाबा, आमच्याकडे राहायला या ना. मी म्हटलं, स्वतःचं घर असताना लेकीकडे कशाला? तिने विचारलं, घर कुठे आहे? तपशील नंतर सांगतो म्हटलं.

५ सप्टेंबर
प्लॉट संरक्षित पाणथळ जागेला लागून आहे. त्यामुळे तो निवासी झोनमध्ये येत नाही म्हणे. मग निवासी करून घ्यायचा. अर्ज, पाहणी, सुनावणी. ऑक्टोबरपर्यंत आटोपेल.
पाणथळ शब्दाचा लोक उगाच बाऊ करतात. पाणी थोडं आहे, थळ भरपूर आहे. (हे वाक्य सुनावणीसाठी राखून ठेवणे.)

८ सप्टेंबर
जमीन कोरडी आहे हे दाखवायला आर्किटेक्टला प्लॉटवर नेलं. तरुण आहे. कानावर कायम पेन्सिल, म्हणून मी मनातल्या मनात त्याला पेन्सिलच म्हणतो. मी पुढे होऊन चालून दाखवलं. उजवा बूट आतच राहिला. तो म्हणाला, काका, उपसून काढू का? मी म्हटलं, असू दे, जुना होता.
ओल किरकोळ आहे. डावा पाय पूर्ण कोरडा होता.

११ सप्टेंबर
झोनच्या ऑफिसात गेलो. टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, सोमवारी या.

१५ सप्टेंबर, सोमवार
गेलो. साहेब रजेवर.

२२ सप्टेंबर, सोमवार
साहेब होते. म्हणाले, आज नको, सोमवारी या. आज सोमवारच आहे असं म्हणणार होतो, पण नाही म्हटलं. यांचं नाव आजपासून सोमवारसाहेब.

२९ सप्टेंबर
अर्ज घेतला! सोमवारसाहेब शिक्का मारताना म्हणाले, तिकडे आजवर फक्त बदकांना घर मिळालंय हो. घरी आल्यावर दोन चांगली उत्तरं सुचली.

४ ऑक्टोबर
घरमालकांना कळवून टाकलं की डिसेंबरअखेर जागा सोडतो. दोर कापले की माणूस जोमाने लढतो. ते म्हणाले, कुठे जाणार? मी म्हटलं, स्वतःच्या घरात. त्यांनी हात मिळवला. मुलीला हे एवढ्यात सांगायचं नाही.

१२ ऑक्टोबर
मुलगी आणि जावई येऊन गेले. जावयांना नकाशा दाखवला. ते 'छान छान' म्हणत पंख्याकडे बघत होते. मुलगी मात्र नको ते बोलली. आईला तळ्याकाठी राहायचंच नव्हतं, तिला डासांचा वैताग होता, म्हणाली. मी म्हटलं, मी विचारलं तेव्हा तिने 'बघू' म्हटलं होतं, नाही म्हटलं नव्हतं. तर म्हणते, बाबा, आईचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे दारावरच्या भाजीवाल्यालासुद्धा कळायचं.
मुलीला आई कळलीच नाही.

२० ऑक्टोबर
पेन्सिलने आज कान टोचले. काका, तुम्ही फार गप्प असता. पाहणीला बाई येणार आहेत. त्यांच्याशी बोला, परिसराची माहिती द्या, मोकळे व्हा. तोंडाला कुलूप लावून मंजुरी मिळत नाही.
पटलं. आमच्या घरात बोलायचं खातं हिच्याकडे होतं. मी मान हलवायचो. आता ते खातंही मलाच सांभाळायला हवं. संकल्प: पाहणीच्या दिवशी भरपूर बोलायचं. आरशासमोर सराव केला. जमलं नाही, पण आरसा प्रश्न विचारत नाही हे त्याचं कारण असावं.

५ नोव्हेंबर
पाहणी झाली. अपेक्षेपेक्षा फारच उत्तम!
बाई साध्या, हसऱ्या. गळ्यात दुर्बीण होती. हद्दी बघायला असावी. आल्या आल्या मुद्द्यालाच हात घातला. म्हणाल्या, काका, इथे निवासी आहेत का? की नुसते येऊन-जाऊन असतात? मी म्हटलं, छे, येऊन-जाऊन कुणी नाही, पक्के निवासी. पिढ्यान्‌पिढ्या.
रस्त्याकडेला जी घरं आहेत त्यांची सगळी माहिती दिली. जोडपी पहाटे बाहेर पडतात, संध्याकाळी परत येतात. तोवर लहानांना शेजारचे सांभाळतात. बाई लिहायच्या थांबल्या. म्हणाल्या, शेजारचे सांभाळतात? हे पहिल्यांदाच ऐकतेय. मी म्हटलं, इथला एकोपाच तसा आहे. त्यांनी विचारलं, जवळपास काही गडबड झाली तर सोडून जातात का? मी म्हटलं, एकदा बसले की हलायचं नाव नाही.
मग म्हणाल्या, आणि घरटी किती असतील? मी म्हटलं, घरटी चार-पाच. जास्तच, कमी नाही. बाईंचे डोळे असे चमकले की मंजुरी तिथेच दिसली.
थर्मासमधला चहा दोघांनी घेतला. ही गेल्यापासून इतकं कुणाशी बोललो नव्हतो. मध्येच हिचाही विषय निघाला. बाईंनी वही मिटली आणि ऐकत राहिल्या. जाताना म्हणाल्या, काका, तुमच्यासारखी माणसं हवीत.

६ नोव्हेंबर
पेन्सिलला फोन करून सांगितलं, पाया खणायची तयारी ठेव. घसा बसला आहे. सवय नव्हती.

२४ नोव्हेंबर
सुनावणीची तारीख आली. १५ डिसेंबर. अर्थात सोमवार. मुलीलाही बोलावलं आहे. वडील कसे बोलतात ते एकदा ऐकू दे.

१५ डिसेंबर, सोमवार
सुनावणी झाली.
अध्यक्ष बाईंनी पाहणीचा अहवाल मोठ्याने वाचला. 'अर्जदारांनी दिलेल्या सविस्तर माहितीनुसार निवासी पक्ष्यांची चार ते पाच घरटी...' मी उभा राहिलो. म्हटलं, पक्षी कुठून आले? निवासी म्हणजे माणसं. आणि घरटी चार-पाच म्हणजे दर घरामागे चार-पाच माणसं. सोमवारसाहेबांनी फाइल तोंडासमोर धरली. फाइल हलत होती.
दुर्बीणवाल्या बाई लालबुंद झाल्या. म्हणाल्या, काका, वर्षभर राहतात ते निवासी पक्षी, थंडीपुरते येतात ते स्थलांतरित. मी तेच विचारत होते. अध्यक्षांनी त्यांना विचारलं, म्हणजे अहवाल रद्द? त्या म्हणाल्या, नाही मॅडम, काकांनी सांगितलं म्हणून मी पुन्हा जाऊन शोधलं. चार घरटी खरंच निघाली. पाचवं सापडलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, सापडेल.
निकाल: झोन बदलणार नाही. संरक्षित हद्द वाढवून पूर्ण प्लॉट आत घेणार. सहकार्याबद्दल अर्जदारांचे आभार. राखून ठेवलेलं वाक्य राहूनच गेलं.
अध्यक्ष बाई मनाने चांगल्या असाव्यात. नकाशा परत देताना म्हणाल्या, घर छान होतं हो, पण स्वयंपाकघरातला ओटा फार खाली आहे. एकटेच राहणार होतात ना? तुमच्या उंचीला कंबर धरली असती. मी म्हटलं, नेहमीचीच उंची आहे. त्या म्हणाल्या, कुणाच्या नेहमीची?
पेन्सिल बुटांकडे बघत होता. मुलीने मागच्या रांगेतून येऊन नकाशा हातात घेतला आणि बराच वेळ बघत उभी राहिली. मग पुंगळी करून स्वतःच्या पर्समध्ये ठेवला. मावत नव्हता, तरी ठेवला.

१६ डिसेंबर
अपील करता येतं. फेब्रुवारीत.

१८ डिसेंबर
घरमालकांना म्हटलं, जागा तूर्त सोडत नाही. ते म्हणाले, अहो, नव्या भाडेकरूंनी पडद्यांची मापं नेली. शेवटी मुलीला सांगावंच लागलं. ती रागावली नाही. मला वाटलं होतं निदान रागावेल तरी.

३१ डिसेंबर
मुलीकडे आलो. जावयांनी बॅग आत नेली. म्हणाले, बाबा, आता इथलेच ना? मी स्पष्ट सांगितलं, गैरसमज नको, मी निवासी नाही. थंडीपुरता आलोय. स्थलांतरित. जावई हसले. मुलगी हसली नाही.
तिने बॅग उघडली आणि कपाट लावायला घेतलं. स्वेटर लावले. मग तळाशी ठेवलेले अर्ध्या बाह्यांचे उन्हाळी शर्टही काढले आणि एकेक करून हँगरला लावले.
मी हरकत घेतली नाही. अपील होईपर्यंत शर्ट कुठेतरी राहायला हवेतच.