अंगठ्याचा खटका

प्रिय रसेल,

चार मैलांवर राहणाऱ्या भावाला पत्र लिहायला बसलोय, याचं तुला हसू येईल. पण समोरासमोर आलो की बोलणारा तू असतोस आणि मान डोलावणारा मी. लहानपणापासून हेच चालत आलंय. कागद मध्येच तोडत नाही, म्हणून कागद.

शनिवारी मार्लिस न्येमीच्या दुकानात गेलो होतो. धनुष्याची दोरी सोडायचा नवा खटका घ्यायला. बाणांनी शिकार करायचा हंगाम तीन आठवड्यांवर आलाय, पण खटका बदलायचं मी गेल्या ऑक्टोबरातच ठरवलं होतं. त्या हरणीबद्दल तुला कधी बोललो नाही. दलदलीच्या कडेला, वीस पावलांवर, आडवी उभी होती. डोळे मिटून मारावी अशी. आणि मी खटका दाबला नाही, हिसडला. तर्जनीचं काम मधल्या बोटाकडून करून घेतोय इतकी वर्षं, पण त्या बोटाला ते कधी जमलंच नाही. ते घाबरतं. बाण पोटात गेला. दोन दिवस रक्ताचे थेंब बघत वाकून चाललो, तिसऱ्या दिवशी बर्फ पडला आणि तेही बुजले. बाबा म्हणायचे ना, "मारायचं तर एका दमात मारा, नाहीतर घरी बसून बटाटे सोला." उरलेला हंगाम मी बटाटे सोलले.

मार्लिसने काचेवर तीन खटके मांडले. मनगटाला पट्टा बांधायचा आणि तर्जनीने घोडा ओढायचा, तो तिने माझा हात बघून स्वतःच उचलून मागे ठेवला. बाईला समज आहे. दुसऱ्याला घोडाच नाही. मुठीत धरायचा, पाठ आवळत न्यायची, की तो आपोआप फिरतो आणि दोरी सुटते. मागच्या कोठारात नेऊन तिने मला तो ओढायला लावला. अर्ध्यातच सुटला आणि माझीच मूठ माझ्या ओठावर. रक्त आलं. मार्लिस म्हणाली, "शंभरातल्या नव्वदांना हा पहिल्या दिवशी ठोसा देतो, डेल. उरलेले दहा खोटं बोलतात." खूप दिवसांनी हसलो. मग तिने अंगठ्याचा दिला. तीन बोटांत बसतो, तर्जनीची गरज नाही, दाबायची बोंडी अंगठ्याखाली. "दाबायचं मनात आणू नकोस," ती म्हणाली, "अंगठा टेकव आणि कोपर मागे नेत राहा. बाण सुटला की तुझा तूच दचकला पाहिजेस." बारा बाण मारले. सुरुवातीचे चार इकडेतिकडे गेले, पुढचे आठ बशीएवढ्या जागेत. हाच घेतला.

तू पाठवलेला खोका ऑगस्टमध्ये पोचला होता. तुझी नोरीन स्वतः घेऊन आली, वर ब्लूबेरीचा केकही होता. आत तुझा जुना खटका. मनगटाचा पट्टा, तर्जनीचा घोडा. सोबत तुझ्या हातची चिठ्ठी, "मी नवा घेतला, हा तुला अगदी बरोबर बसेल." नोरीनने खोका पाहिला, मग माझा हात पाहिला आणि कानापर्यंत लाल झाली. "डेल, त्याच्या लक्षात नसेल रे आलं," म्हणाली. मी म्हटलं, खटका छान आहे, त्याला सांग. तू टोचायला म्हणून पाठवला असतास तर मी शिवी देऊन मोकळा झालो असतो. पण तू विसरला होतास, रसेल. माझ्या हाताचं कोणतं बोट गेलं, हे तू विसरला होतास. आणि ते गेलं तेव्हा बटणापाशी तूच उभा होतास.

नऊ वर्षांत हे वाक्य मी मोठ्याने कधी म्हटलं नाही. लाकूड कापायच्या गिरणीतली ओंडके ओढणारी साखळी अडकली होती. मी खिशातून माझं कुलूप काढलं. ज्याचा हात आत, त्याचं कुलूप बटणावर, म्हणजे दुसऱ्या कुणाला यंत्र चालूच करता येऊ नये, हा नियम तुलाही पाठ होता. तू म्हणालास, "अरे, दोन मिनिटांचं काम. कुलूप राहू दे, मी इथेच उभा आहे ना." मग कुणीतरी तुला हाक मारली, तू वळलास, बोलता बोलता बटण दाबलंस. दवाखान्यात माझ्या खाटेला धरून तू लहान मुलासारखा रडलास. नोरीनला सातवा महिना होता. "माझी नोकरी गेली तर आम्ही कुठे जायचं?" म्हणालास. मी चौकशीत सांगितलं की कुलूप लावायचा कंटाळा केला आणि माझाच खांदा बटणाला लागला. मला काढलं, तुला मुकादम केलं. मी हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी चालवायला लागलो. त्याचंही मी काही म्हणत नाही. आपलं म्हणून केलं, हिशोब धरून केलं नाही.

पण दर जानेवारीत तू नव्या माणसांना गोळा करून सुरक्षेचे चार शब्द सांगतोस, ते माझ्या कानावर येतात. "माझा सख्खा भाऊ. कुलूप लावलं नाही. बघा जाऊन त्याचा हात." इथपर्यंत तू येशील असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी मनात म्हटलं, गिरणीने सांगायला लावलं असेल. नवव्या वर्षी मात्र लक्षात आलं, तुला ते आता खरंच वाटायला लागलंय.

शनिवारी खटका कागदात गुंडाळताना मार्लिसचे हात थांबले. हॅरॉल्ड तिचा धाकटा भाऊ, हे तुला सांगायला नको. तीस वर्षं त्या गिरणीत काढलेला माणूस. जूनमध्ये त्याचा हात मनगटापासून गेला, हे मला ठाऊक होतं. त्यानेही कुलूप लावलं नव्हतं, हेही गावाबरोबर ऐकलं होतं, आणि सगळ्यांसारखी मीही मान हलवली होती. मार्लिस म्हणाली, "डेल, तुझा भाऊ आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. पण हॅरॉल्ड एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो आणि त्याचं कुणी ऐकत नाही. रसेल त्याला म्हणाला होता, कुलूप राहू दे, मी इथेच उभा आहे ना."

तेच शब्द. तीच साखळी. मी पुडकं तिच्या हातातून काढून घेतलं. तिला वाटलं मला राग आला, तर बिचारी माफी मागायला लागली. माझी माफी!

तर आता, हे पत्र कशासाठी ते. आज सकाळी मी गावच्या कचेरीत गेलो. हॅरॉल्डच्या अपघाताची चौकशी करणारी सरकारी बाई तिथे बसते. तिला मी नऊ वर्षांपूर्वीचं सगळं सांगितलं आणि सही केली. तिने विचारलं, "तेव्हा खोटं का बोललात?" मी म्हटलं, भाऊ होता. ती म्हणाली, "आणि आता?" मी सही केलेला कागद तिच्याकडे सरकवला. त्या खोट्याबद्दल माझ्यावर काय येईल ते येवो. तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर तुझी नोकरी गेली असती, पण हॅरॉल्ड आज स्वतःच्या हाताने बुटाची नाडी बांधत असता. त्या हातातला अर्धा वाटा माझा आहे, तो मी घेतला. उरलेला तुझा. तुला बोलावणं येईल, गुरुवारी किंवा शुक्रवारी. त्याआधी तू नोरीनला सांग. तिला हे तुझ्याच तोंडून कळू दे, गावाच्या नको. आणि कृपा करून इकडे येऊ नकोस. तू रडलास तर मी पुन्हा ऐकेन, याची मला भीती वाटते.

तरीही तुझाच,
डेल