द्रागोचा लाल चीक

फाजां, साव निकोलाव बेट

आई,

आधी आशीर्वाद दे, मग पुढचं वाच. मी ठणठणीत आहे, दोन्ही वेळ मक्याचा काचुपा पोटभर मिळतो. तुझा गुडघा कसा आहे? तिकडे ब्राव्हा बेटावरही असाच वारा सुटलाय का?

गुडघ्याला लावायला द्रागोच्या झाडाचा चीक तू किती वर्षं मागतेस आणि मी, झाडाचा राखणदार, नाहीच म्हणत आलो. शेजारच्या बिबिन्याबाईलाही तेच. म्हातारी रोज सुरी घेऊन हजर. "मेल्या, झाड काय तुझा बाप आहे?"

"बापाचाही बाप आहे. घरी जा."

मंगळवारी वाऱ्याने ते म्हातारं झाड मधोमध फाटलं. मी दोर आवळले, टेकू लावले. काही उपयोग झाला नाही. दोन दिवस लाल चीक झिरपत होता. बिबिन्या आली, पण सुरी न घेता. डोक्यावरचा रुमाल सोडून तिने जखमेवर दाबून धरला. वरून मी हात दाबला. थांबेना गं.

सोबतच्या डबीत चीक आहे. त्यासाठी कुणी सुरी लावलेली नाही. रममध्ये कालवून चोळ.

संपला तर कळव. आता नाही म्हणायला काही उरलं नाही.

तुझाच,
आर्मिंदु