डाख लावलेला गडू

१४ नोव्हेंबर, राजा घाट

आज प्रयोगशाळेत अण्णांच्या गडूचं तोंड फोडलं. डीडीटी यायच्या आधी आजोबांनी गंगाजळ भरून, तोंडाला डाख लावून बंद केलेला. अण्णांनी स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी जपलेला. तुलनेला जुनं पाणी हवं म्हणून मीच निर्लज्जपणे मागितला, आणि अण्णांनी, माझ्या वडिलांनी, तो दिलाही!

गंगेतल्या मेलेल्या डॉल्फिनच्या चरबीत डीडीटी, माझ्या रक्तातही. आलेखाच्या कागदावर उंच सुळके. गडूतल्या पाण्याची रेघ मात्र सपाट. तीनदा तपासलं. सपाटच. अशी गंगा खरंच होती?

घरी येऊन अण्णांना ती रेघ दाखवली. अर्धं उरलंय, पुन्हा डाख लावून आणते, म्हटलं. ते रेघेवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "लहानपणी मी हेच पोटभर प्यालोय. उरलेलं तुझ्यासाठी ठेव."